मागच्या खोलीतला माल्ट

आमच्या मागच्या खोलीतून लाकडी फावड्याचा आवाज येऊ लागला की घरातली माणसं हळू बोलायला लागत. कोणी कोणाला गप्प केलेलं नसे. अक्का स्वयंपाकघरात भांडी जपून ठेवायची, अण्णा शिलाईच्या मशीनवरचा पाय काढून घ्यायचे, आणि मी, जिची जीभ एरवी घटकाभरही तोंडात राहत नसे, तीसुद्धा पाटीवर बोटानं रेघोट्या मारत बसायची. दगडी फरशीवरून फावडं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ओढत न्यायचं, मग दाणे उलटून पडल्याचा सरसर आवाज, मग क्षणभर काही नाही, आणि पुन्हा तेच ओढणं. दिवसातून तीनदा. सकाळी, दुपारी, आणि दिवे लागायच्या आधी. आज माझं वय आजोबांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे. येलहंक्याच्या आमच्या फ्लॅटसमोर इमारतीचं काम चालतं तेव्हा कधीतरी वाळू ओढल्याचा आवाज वर येतो आणि माझा हातातला चहा थंड होतो. सून विचारते, काय झालं आई? मी काही नाही म्हणते. हे सगळं तिला कुठून सांगायला सुरुवात करायची?

घर चामराजपेटेत होतं. पुढून अरुंद आणि आत लांबच लांब. रस्त्याकडून आलं की पडवी, मग अण्णांच्या मशीनची खोली, मधलं घर, स्वयंपाकघर, न्हाणी, न्हाणीच्या पलीकडे बाजूला आई-अण्णांची खोली, आणि सगळ्यात शेवटी ती बिनखिडकीची खोली. अण्णा म्हणजे माझे वडील. शिवाजीनगरात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, तिथं न संपलेले गणवेश ते घरी आणून संपवत. अक्का ही त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर परत आलेली, आणि आल्या दिवसापासून घराच्या सगळ्या किल्ल्या कमरेला लावलेली. तिला सगळेच अक्का म्हणत, मीही. आई बेळगावची. तिचं मराठी खणखणीत, आणि आमचं पिढ्यानपिढ्या बंगळुरात मुरलेलं. कानडीतले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे अस्सल मराठी शब्द आहेत असं मी शाळेत जाईपर्यंत समजत होते, यावर आई पदर तोंडाला लावून हसायची. थंडीत आमच्या घराला अवरेकायचा वास असायचा. त्या पावट्याच्या शेंगा सोलून सोलून माझी नखं हिरवी व्हायची. पहाटे कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी दळायचे, आणि त्या वासानंच मी उठायची.

आणि आजोबा, अण्णा आणि अक्काचे अप्पा. त्यांनी सगळं आयुष्य कॅन्टोन्मेंटकडच्या एका गोऱ्या साहेबाच्या बिअरच्या कारखान्यात काढलं होतं, पण बिअरच्या थेंबालाही ते शिवले नव्हते. "बिअर म्हणजे चांगला माल्ट सडवून टाकायचा," असं ते तुच्छतेनं म्हणत. त्यांचं काम सडण्याच्या आधीचं, माल्ट बनवायचं. जव भिजवायचे, अंधाऱ्या खोलीत जमिनीवर पसरायचे, मोडांची मुळं एकमेकांत गुंतू नयेत म्हणून फावड्यानं उलटायचे, आणि मोड नेमका कुठे आला की थांबायचं ते ओळखायचं. निवृत्त झाल्यावर साहेबानं त्यांना काय दिलं ते ठाऊक नाही, पण येताना ते आपलं लाकडी फावडं घेऊन आले. ते मागच्या खोलीत भिंतीला टेकून असे, आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. बोलायला आजोबा फार कंजूस. सुनेशी तर ते थेट बोलतच नसत, तेव्हा तसं चालायचंच. आईला काही सांगायचं असेल तर ते खाकरून दाराच्या चौकटीकडे बघत म्हणायचे, "सुनेला सांगा, आज ताकात मीठ नाही." आई दाराआड उभी असायची आणि चौकटीलाच उत्तर द्यायची.

फावडं ते वर्षावर्षात हातात घेत नसत. माझ्या आठवणीत त्यांनी पहिल्यांदा जव भिजवले ते आजीसाठी. तिच्या पोटात अन्न ठरेना, डॉक्टर येऊन नुसती मान हलवून गेले, आणि दोन दिवसांनी मागच्या खोलीतून आवाज येऊ लागला. मग तो तपकिरी माल्ट पितळी पेल्यातून तिच्याकडे जाऊ लागला. काही दिवसांनी आजी गेली. त्यानंतर बाळूकाका, अण्णांचा धाकटा भाऊ, छातीच्या दुखण्यानं झिजला. पुन्हा फावडं, पुन्हा तोच पेला, आणि बाळूकाकाही गेला. तिसऱ्यांदा शेजारच्या रंगम्मा आल्या. नवऱ्याचं काही खरं नाही, नमगू स्वल्प कोडी, आम्हालाही थोडं द्या, म्हणून पडवीत पदर पसरून उभ्या राहिल्या. आजोबांनी पुन्हा फावडं काढलं आणि त्यांना भांडं भरून दिलं. त्या आठवड्यात त्यांच्या दारातही तिरडी बांधली गेली. मी तेव्हा दहा वर्षांची, आणि हिशेबात हुशार. तीन वेळा फावडं वाजलं, तीन माणसं गेली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी नाकारतही नव्हतं. अक्का तर तो पेला वापरून झाला की राखेनं तीनदा घासायची आणि फळीवर पालथा घालायची, बाकीच्या भांड्यांपासून लांब.

त्या थंडीत आई तापानं पडली. टायफॉइड म्हणाले डॉक्टर. ताप उतरायला तीन आठवडे लागले आणि उतरला तेव्हा अंथरुणात आईऐवजी तिची सावली उरली होती. केस गेले, डोळे खोल गेले. भाताची पेज दिली तर उलटून पडायची, दूध दिलं तर त्याहून वाईट. डॉक्टर अण्णांना पडवीत घेऊन गेले आणि बराच वेळ तिथंच बोलत राहिले. मी दाराआड होते, पण मला एकच वाक्य नीट ऐकू आलं, की आता औषधाचं काम संपलं, अंगात काही ठरलं तर ठरलं. अण्णा आत आले ते सरळ आजोबांसमोर जाऊन उभे राहिले. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, उठले, आणि तांब्याचं मोठं घंगाळ ओढून न्हाणीत नेलं. त्यात जव ओतल्याचा आवाज झाला तेव्हा मी बोटांवर मोजलं: हे चौथं.

मग ते दहा दिवस. दोन दिवस भिजवणं, मग मागची खोली. सकाळ, दुपार, संध्याकाळ ते ओढणं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोलीतून काकडी चिरल्यासारखा ताजा वास यायला लागला. आवडावा असाच वास तो, पण मी नाकाला परकर लावायची. आजोबा एक दाणा नखानं फोडून सालीखालचा मोड पाहायचे, मान हलवायचे, पुन्हा फावडं हातात घ्यायचे. एके दिवशी त्यांनी दाणा फोडला आणि फावडं ठेवून दिलं. मग परसात जुन्या धोतरावर जव उन्हात वाळत पडले, आणि कावळे हाकलायला काठी घेऊन मला बसवलं. मी कावळ्यांना हाकललं नाही. खा रे बाबांनो, सगळं खाऊन टाका, असं मनात म्हणत मांडीवर काठी घेऊन बसले. कावळे शहाणे, त्यांनी थोडंच खाल्लं.

वाळलेले जव चोळून त्यांची मुळं काढली, लोखंडी कढईत भाजून तपकिरी केले, उखळात भरड कांडले. पुढचं काम आजोबा सकाळी स्वतः करत आणि तेव्हा मला जवळ बसू देत, का कोण जाणे. पाणी उकळून खाली उतरवायचं आणि वाट पाहायची. "आत बघ," ते म्हणायचे. "तुझं तोंड दिसतंय?" पाण्यावर वाफ दाटलेली असे, काही दिसत नसे. मग वाफ हळूहळू विरायची आणि काळ्या पाण्यातून माझंच तोंड वर येऊन माझ्याकडे बघायचं. "दिसलं." "सरी. आता जव टाक. अगोदर टाकले तर ते मरतात, उशिरा टाकले तर जागे होत नाहीत." भांडं कांबळ्यात गुंडाळून ठेवायचं, मग फडक्यातून गाळायचं, सुंठ आणि चार मिरी घालून उकळी द्यायची. साखर नाही, गूळ नाही. भरून झालेला पेला अक्का माझ्या हातात द्यायची. तिला आईच्या खोलीत तो घेऊन जायचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं. ती भीत होती.

स्वयंपाकघर ते आईची खोली, मध्ये न्हाणीची मोरी. पहिल्या दिवशी एकच पेला निघाला, तो मी मोरीत ओतला. आईला मरू द्यायचं नव्हतं, इतकं साधं ते होतं. पेला रिकामा घेऊन परत गेले, अक्कानं पाहिलं, "सगळं प्याली?" म्हणाली, मी मान हलवली. पण दुपारी मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागली. जाड, काळी, लांबलचक रांग. अक्का म्हणाली, मोरीत गोड कुठून आलं ग? मी पाण्याच्या घागरी ओतून ओतून ती रांग वाहवून टाकली, आणि दुसऱ्या दिवशी पेला हातात आला तेव्हा मला कळेना, आता हे टाकायचं कुठं. परसात टाकावं तर आजोबा. रस्त्यावर टाकावं तर रंगम्मा. तिथंच न्हाणीच्या अंधारात भिंतीला पाठ लावून मी डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला.

मला वाटलं होतं कडू असेल. मरण कडूच असणार. पण जिभेला आधी लागली मिरी, मग सुंठ, आणि मग त्यांच्या मागून असा एक गोडवा आला की मी डोळे उघडले. गुळाचा नव्हता तो, साखरेचा नव्हता. पावाच्या करपल्या कडेचा, भाजल्या धान्याचा, आणि कुठंतरी तळाशी त्या काकडीच्या वासाचा. कोमट, किंचित दाट, घशातून उतरताना पोटापर्यंतची वाट दाखवत जाणारा. ह्यात कोणीच गोड काही घातलेलं नाही, हे मी स्वतः पाहिलं होतं. मग हे गोड झालं कशानं? मी पेल्याचा तळ बोटानं पुसून बोट चाटलं. हे कबूल करायला मला साठ वर्षं लागली: मी आईसाठी जीव द्यायला निघाले होते, आणि मला ते फार आवडलं.

मग अर्थात मरायचं होतं. मी दिवाळीचं परकर-पोलकं काढून घातलं आणि मधल्या घरात चटईवर उताणी पडून राहिले. छताच्या वाशांकडे बघत एकेका माणसाचा निरोप घेतला. शाळेतल्या बाईंचासुद्धा. एवढ्यात अक्का आली, म्हणाली, "अय्यो, भरदिवसा हे काय सोंग? ऊठ, अवरेकाय सोलायची पडलीय." मी उठले आणि शेंगा सोलल्या. संध्याकाळी मेले नाही. सकाळीही नाही.

रिकामा पेला आईकडे नेता येत नव्हता, म्हणून मी युक्ती काढली. गरम पाण्यात गुळाचा खडा आणि कॉफीच्या डिकॉक्शनचे चार थेंब. रंग तंतोतंत. ते मी आईला चमच्यानं पाजायची. पहिला घोट घेतल्यावर आईनं माझ्याकडे पाहिलं. खोल गेलेले ते डोळे माझ्या तोंडावर बराच वेळ थांबले. मग तिनं दुसरा घोट घेतला. आजीच्या वेळी माल्ट गाळायला आईच बसायची, त्याची चव तिला माहीत होती. हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

असे सहा दिवस गेले. पेला दिवसातून तीनदा येत होता, मी तो न्हाणीत उभी राहून पीत होते, आणि आई गूळपाण्यावर होती. माझे गाल वर आले. आई रोज थोडी थोडी अंथरुणात बुडत गेली. पाचव्या दिवशी तिला कूस बदलायला अक्काला बोलवावं लागलं. रंगम्मा येऊन पायाशी बसल्या आणि पदरानं डोळे टिपून गेल्या. अण्णांनी दुकान उघडलं नाही. आणि मला काय वाटावं? मला वाटलं, नुसता त्याचा रंगसुद्धा एवढं करतो, खरा प्याली असती तर कधीच गेली असती. म्हणून मी डिकॉक्शनचा एक थेंब कमी केला. देवा रे! इतकी हुशार मुलगी मी माझ्या शिक्षकी पेशात पुन्हा पाहिली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी न्हाणीतून बाहेर पडले तर आजोबा दारात. "तोंड उघड," ते म्हणाले. मी उघडलं. ते वाकले, वास घेतला, आणि तसेच वाकलेले राहिले. अण्णांना कळलं तर ते मला हाकलून देतील, एवढं एकच डोक्यात होतं. आजोबांनी विचारलं, "कसं लागलं?"

"गोड."

"किती दिवस?"

"सहा."

"का ग शकू?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. आजी, बाळूकाका, रंगम्मांचे यजमान. फावडं वाजलं की माणूस जातं, असं सांगितलं. आजोबांचा चेहरा माझ्यासमोर हळूहळू उतरत गेला. त्यांना माहीत नव्हतं. आपल्या खोलीतून आवाज आला की घर का गप्प होतं, लेक पेला लांब का ठेवते, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपल्या कामाला सगळे मान देतात, असं ते समजत होते.

त्यांनी माझा हात धरला. दुसऱ्या हातानं माल्टचं भांडं आणि पेला घेतला, आणि ते आईच्या खोलीत शिरले. आईच्या लग्नापासून ते त्या खोलीत कधी गेले नव्हते. आईनं उठून पदर घ्यायची धडपड केली. "राहू दे," आजोबा म्हणाले. चौकटीला नव्हे, तिला. "हिनं सहा दिवस हे प्यायलंय. हिच्याकडे बघ."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मामंजी, मला ते नको. ते प्यायलं की माणूस जातं. पोरीनं दुसरं दिलं ते मला कळलं होतं. मला बरं वाटलं."

म्हणजे ते गूळपाणी ती जाणूनबुजून पीत होती. आम्ही दोघी, एकमेकींना न सांगता, एकाच भीतीला धरून बसलो होतो.

आजोबा जमिनीवर बसले. "सुनबाई, डॉक्टर हात टेकतात तेव्हा तुम्ही मला सांगता. अगोदर कोणी सांगत नाही. त्या तिघांच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. हे ठरलं. मरण मला थांबवता येत नाही, पण माझ्या घरातलं माणूस उपाशी नाही गेलं." त्यांनी पेला भरला, अर्धा स्वतः प्याले, आणि उरलेला, आपला उष्टा, तिच्यापुढे धरला. सासऱ्यानं सुनेला. आई रडत होती, आणि रडता रडता तिनं तो घेतला. जाताना आजोबा मला म्हणाले, "हे तिघांतच राहील. अण्णाला काही कळायला नको." मी त्यांचे पायच धरले.

त्या दिवसापासून तीनदा ते यायचे, अर्धा प्यायचे, अर्धा द्यायचे. चौथ्या दिवशी आई उशीला टेकून बसली. पाडव्याला तिनं स्वतः उठून दारात रांगोळीची चार बोटं ओढली, आणि मग मामा येऊन तिला हवापालटाला बेळगावला घेऊन गेला. अक्का सगळ्यांना सांगत होती, डॉक्टरच्या इंजेक्शननं वाचली. "त्या पेल्यातून सुटलेली ही पहिलीच," असंही म्हणायची. मी गप्प होते. आजोबाही.

आई बेळगावला असतानाच आजोबा पडले. न्हाणीत पाय घसरल्याचं निमित्त, पण मग अंथरुणातून उठले नाहीत. अन्न जाईना. पेज उलटायची, दूध उलटायचं. डॉक्टर आले आणि पुन्हा पडवीतलं ते बोलणं झालं. त्या दुपारी आजोबांनी अण्णांना जवळ बोलावलं. "जव भिजवा," म्हणाले. "कसं करायचं ते मी सांगतो. शकूला ठाऊक आहे."

अण्णा स्वयंपाकघरात आले. अक्का चुलीपाशी होती, मी दारात. अप्पा जव भिजवायला सांगताहेत, अण्णा म्हणाले. अक्का म्हणाली, "ह्या वेळेस ते करायचंच नाही. तो पेला अप्पांच्या तोंडाला मी लागू देणार नाही. बघू तरी कोण नेतंय त्यांना." अण्णांनी डोळे पुसले आणि मान हलवली. संध्याकाळी अक्कानं जवाचा डबा गवळ्याच्या गाईपुढं रिकामा केला. त्या दोघांचं आजोबांवर जेवढं प्रेम होतं तेवढं मी फार कमी घरांत पाहिलं. प्रेमापोटीच केलं त्यांनी ते.

मी एक वाक्य बोलायचं होतं. ते सहा दिवस मी प्याले, मला काही झालं नाही, आई त्यानंच उठली. एवढंच. पण ते वाक्य बोलायचं तर आईचं अन्न मी खाल्लं हे अण्णांना सांगावं लागलं असतं. आजोबांनी माझ्यासाठी ते झाकून ठेवलं होतं, आणि मी त्या झाकणाखाली बसून राहिले.

सकाळी आजोबांनी विचारलं, "भिजवले?" अण्णा म्हणाले, "हो अप्पा, भिजवले." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा हो. तिसऱ्या दिवशी ते कान देऊन पडून राहिले. दुपारी म्हणाले, "पसरले नाहीत अजून? आवाज येत नाही." अण्णा उठले. ते मशीनच्या खोलीत निघून गेले.

मी मागच्या खोलीत गेले. दार ओढून घेतलं. भिंतीचं फावडं उचललं, ते माझ्या उंचीएवढं होतं, आणि उघड्या फरशीवरून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ओढत नेलं. मग थांबले. मग पुन्हा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन दिवस. घर गप्प व्हायचं. अक्काला कळलं असणार, पण तिनं दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी आजोबांनी मला बोलावलं. ओठ सुकून चिरले होते. "काकडीचा वास यायला हवा होता एव्हाना," ते म्हणाले.

"येईल उद्या."

त्यांनी माझा तळवा हातात घेऊन पाहिला. फोड आले होते. "फावडं हलकं लागतंय का ग?"

आयुष्यभर ज्यांनी दाण्यांत फावडं चालवलं त्यांना रिकाम्या फरशीचा आवाज कळणार नाही? मी रडू लागले. म्हणाले, "हो आजोबा. हलकं लागतंय."

त्यांनी डोळे मिटले. रागावले नाहीत. "फिरव तरी," म्हणाले. "बरं वाटतं ऐकायला."

मी गेले आणि फिरवत राहिले. किती वेळ ते आठवत नाही. दार उघडलं, अक्का आत आली, आणि तिनं माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं.

माल्टनं ते वाचले असते असं मी म्हणत नाही. म्हातारे होते, जायचेच होते. पण त्यांना भूक होती, आणि त्यांनी मागितलं होतं.

आजोबा गेल्याच्या चौथ्या दिवशी आई बेळगावहून आली. केस बोटभर वाढले होते, गालावर रंग होता. ती अण्णांशी बोलली नाही, अक्काशी बोलली नाही, आधी मागच्या खोलीत गेली. मी तिच्या मागे गेले. तिनं भिंतीच्या फावड्यावरून हात फिरवला आणि मला जवळ ओढून अगदी हळू विचारलं, "त्यांना माल्ट दिलात ना ग?"

मी "हो" म्हटलं.

"बरं झालं," आई म्हणाली. "उपाशी नाही गेले."